क्षच्या सात पायऱ्या

सरांना सगळे पायरीमास्तर म्हणत आणि ते सरांना ठाऊक होतं. आधी पाठीमागे म्हणत. मग एक दिवस विभागाचा शिपाई, सर समोर बसलेले असताना, फोनवर म्हणाला, "पायरीमास्तर आहेत, देऊ का?" तेव्हा सरांनी ओळखलं की नाव अंगाला चिकटलं, आता घासून निघायचं नाही.

नाव पडलं ते शिडीमुळे. साधा, घरातला माणूस दहशतवादी कसा होतो याच्या सात पायऱ्या सरांनी सत्तावीस वर्षांपूर्वी आपल्या प्रबंधात मांडल्या होत्या. पहिल्या पायरीवर माणूस घरात बोलेनासा होतो. तिसरीवर आपली आवडती वस्तू कोणालातरी देऊन टाकतो. पाचवीवर दुसरं नाव घेतो. असं करत सातवीवर पोचलेला माणूस स्फोटाची बातमी बघतो आणि हसतो. प्रबंधाचं पुस्तक झालं, पुस्तकाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या, पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या वर्गात शिडीचा तक्ता भिंतीवर लागला. सरही त्याच शिडीवरून व्याख्याता, प्राध्यापक, विभागप्रमुख असे वर वर गेले. फक्त खाली उतरायची सोय तिच्यात ठेवायची राहून गेली होती.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. दहशतवादावर लिहिणाऱ्याला दहशतवाद्यांपासून धोका, म्हणून विद्यापीठाने तिला लोखंडी दार बसवून दिलं. दार आपोआप बंद व्हायचं आणि आतून उघडायलासुद्धा कार्ड लागायचं. खिडकी तर कायमची बुजवून टाकली. त्याआधी खिडकीतून आत आलेला एकमेव घुसखोर म्हणजे एक कबूतर होतं. वीस वर्षांत दुसरं कोणी आलं नाही.

त्या खोलीत एके दिवशी सरकारी वकील स्वतः फाइल घेऊन आला. गोल, हसतमुख माणूस. खुर्चीत बसला की खुर्चीचाच वाटायचा.

"सर, नेहमीचंच काम," तो म्हणाला. "बसस्थानकावरच्या स्फोटाचा खटला. आरोपी लिफ्ट दुरुस्त करतो. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहायचं, शिडी समजावायची, हा गडी तिच्यावर कुठे उभा आहे ते सांगायचं. अर्ध्या तासात मोकळे."

"पुरावा काय आहे?"

"जबाब आहे ना त्याचा. वाचा तर खरं. तुम्हाला आवडेल."

सरांनी आजवर चार खटल्यांत साक्ष दिली होती. त्या चारही खटल्यांत दारूगोळा सापडला होता, साक्षीदार होते. शिडी नुसती तोंडी लावायला. सर मनाची तशी समजूत घालत आणि ती पटतही असे. म्हणून त्यांनी फाइल घेतली आणि वकील गेल्यावर जबाब वाचायला घेतला.

दुसऱ्या पानावर त्यांचा हात थांबला. लिफ्टवाला म्हणत होता, 'माझ्या मनात एक पोकळी निर्माण झाली होती व ती भरून काढणारा कोणीतरी मला हवा होता.' हे वाक्य सरांचं होतं. पान चौऱ्याऐंशी. बोटाला कायम ग्रीस लागलेला माणूस पोकळी निर्माण झाली म्हणत नाही. तो म्हणेल, काही सुचत नव्हतं. सर भराभर पुढे वाचत गेले. अबोला आला. मित्र सुटले. आवडता अवजारांचा पेटारा मेहुण्याला दिला. पायऱ्या एकामागून एक, क्रमाने, शाळेतल्या प्रार्थनेसारख्या आल्या. शेवटच्या पानावर लिफ्टवाला टीव्हीवर चार मेलेली माणसं बघून हसला. सातही पायऱ्या, एकसुद्धा न गाळता. खाली ज्या तपास अधिकाऱ्याची सही होती, तो सरांच्याच प्रशिक्षण वर्गात पहिला आलेला होता.

दुसऱ्या कोणालाही हे बघून शिडी खरी ठरल्याचा आनंद झाला असता. सरांनी मात्र फाइल पालथी घातली. कारण सातही पायऱ्या चढलेला माणूस या जगात कधी नव्हताच, आणि ते फक्त सरांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. तरुणपणी सर तुरुंगात जाऊन तीन कैद्यांशी बोलले होते. एक शाळेतला कवायतमास्तर, एक ट्रक ड्रायव्हर, एक रेडिओ दुरुस्त करणारा. तिघांच्या तीन वह्या. 'तुमची ओळख कुठेही फुटणार नाही' असा शब्द तिघांना दिला होता, आणि तो दिल्याशिवाय तिघांपैकी कोणी तोंड उघडलं नसतं. मार्गदर्शकांनी वह्या चाळल्या आणि म्हणाले, "हे तिघे अर्धेमुर्धे आहेत. कोणाचीच गोष्ट पुरी होत नाही. मला एक पूर्ण माणूस दाखव." नावं, गावं, धंदे बदलायचे हा तर या विद्येचा रिवाजच. सरांनी नावं बदलली, धंदे बदलले, आणि बदलता बदलता तिघांचा एक करून टाकला. त्याला नाव दिलं 'क्ष'. हा एक नसून तीन आहेत, अशी एक ओळ तळटीपेत टाकली असती तरी भागलं असतं. पदवी मिळाल्यावर टाकू म्हणाले. मग पुस्तकात टाकू म्हणाले. नवव्या आवृत्तीपर्यंत ती ओळ काही जागा सापडून बसली नाही.

बातमी बघून हसला होता तो ट्रक ड्रायव्हर. पण त्याने कधी नाव बदललं नव्हतं. नाव बदललं होतं रेडिओवाल्याने, आणि तो बातमी बघून ढसाढसा रडला होता. कवायतमास्तर तर अबोल होणं सोडाच, कोठडीत इतका बोलायचा की शेजारचे कैदी वैतागत. तिघांपैकी कोणाच्याच वाट्याला चारच्या वर पायऱ्या आल्या नव्हत्या.

पुढे क्ष सरांपेक्षाही मोठा झाला. परिषदेत लोक चहाचा कप हातात धरून विचारत, "तुमचा क्ष आता कसा आहे हो?" सर म्हणत, "बरा आहे." लोक त्याला नमस्कार सांगत. अखेरीस कंटाळून सरांनी एका परिषदेत सांगून टाकलं की तो वारला. झालं! सांत्वनाची सतरा पत्रं आली आणि एका नियतकालिकाने त्याच्यावर मृत्युलेख छापला. सरांनी तो मृत्युलेख आपल्या संदर्भसूचीत नोंदवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फाइल वाचली त्या संध्याकाळी सरांनी ताईला सगळं सांगितलं. ताई म्हणजे मोठी बहीण. दोघांचंही लग्न राहून गेलेलं, म्हणून दोन खोल्यांच्या घरात दोघं एकत्र राहात. ताईची सारी नोकरी टंकलेखनात गेली; सरांचा प्रबंधही तिनेच टाइप केला होता.

"मी तेव्हाच म्हटलं होतं तुला," ताई म्हणाली. ती वाटाणे सोलत होती, तिने मान वर केली नाही. "हा माणूस चाळिसाव्या पानावर डावखुरा आहे आणि साठाव्या पानावर उजव्या हाताने सही करतो. तू म्हणालास, ताई, तू फक्त टाइप कर."

"म्हणालो असेन."

"असेन काय? म्हणालास. मग मी साठावं पान गुपचूप दुरुस्त केलं. माझ्यामुळे तरी त्याला एकच हात राहिला."

सरांना हसू आलं आणि तिथेच विरलं. "दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, ताई. सांगितलं तर पदवी जाईल. चार खटल्यांत शपथेवर बोललोय, खोट्या साक्षीचा गुन्हा लागेल. माझ्या हाताखाली नऊ जणांनी शिडीवर प्रबंध लिहिलेत, त्यांचं काय?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तो लिफ्टवाला जन्मभर आत जाईल."

ताईने एक शेंग सोलली. आत एकच दाणा निघाला. "मग मला काय विचारतोस? तुला कोणीतरी नको म्हणायला हवंय. मी नाही म्हणणार बाबा. आणि जा असंही नाही म्हणणार. तुझं तू बघ."

सरांनी आधी पळवाट शोधून पाहिली. वकिलाला फोन करून म्हणाले, रक्तदाब वाढलाय, येता येणार नाही. वकील म्हणाला, "काळजी घ्या, सर. तब्येत पहिली. आम्ही तुमच्या पट्टशिष्येला बोलावतो, तिला सगळं तोंडपाठ आहे." तासाभरात तिचाच फोन आला. ही सरांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. आता दुसऱ्या विद्यापीठात स्वतः प्राध्यापक. एकेचाळीस कैद्यांच्या मुलाखती घेऊन शिडी सगळीकडे लागू पडते असं तिने सिद्ध केलं होतं.

"सर, तुम्ही अजिबात दगदग करू नका. मी आहे ना. मी सांगेन."

"काय सांगशील?"

"जे खरं आहे ते. मी एकेचाळीस जणांत बघितलंय, सर. तुम्ही तर एकाच माणसात बघितलं होतं आणि तरी बरोबर निघालात!"

ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत. सरांनी घरी बसायचं ठरवलं तर ती प्रामाणिकपणे त्या माणसाला आत टाकणार होती. सरांनी रक्तदाब परत घेतला आणि साक्षीला येतो म्हणून कळवलं.

कोर्टाची इमारत जुनी नव्हती, पण आतला रंग पोपडे धरून होता. साक्षीदारांच्या बाकावर एक बाई आधीच बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पायांत पुरुषी चपला. तिने सरांकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही ते शिडीवाले का?"

"हो."

"मी त्याची बायको. लिफ्टवाल्याची." ती सरकून जवळ आली. "अहो, तो म्हणे घरात बोलत नव्हता. बोलायचा कधी? दिवसाला दोन ड्युट्या करायचा. घरी आला की जेवताना डुलक्या घ्यायचा. पेटारा माझ्या भावाला दिला तो धंदा सुरू कर म्हणून दिला. हे तुमच्या शिडीत बसतं का?"

"बसतं," सर म्हणाले. "तेच तर चुकलंय."

तिला ते कळलं नाही. समजवायला वेळही मिळाला नाही, कारण आतून पुकारा झाला.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सरांना समोर आरोपी दिसला. बारीक, केस उडालेला, आणि छताच्या पंख्याकडे बघणारा; पंखा डुगडुगत होता आणि त्याला ते खपत नव्हतं असं दिसलं. सरकारी वकिलाने हसतमुखाने सुरुवात केली, "सर, शिडी न्यायालयाला समजावून सांगा."

"शिडी खोटी आहे," सर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन वह्या, तीन माणसं, क्ष, राहिलेली तळटीप. सातही पायऱ्या कोणी चढलेलं नाही, म्हणून ज्या जबाबात सातही आहेत तो जबाब माणसाचा नाही, माझ्या पुस्तकाचा आहे, असंही सांगितलं. सत्तावीस वर्षं तोंडात धरलेली गोष्ट सांगायला सात मिनिटं लागली. 

सरकारी वकिलाचं हसू गेलं, पण आवाज चढला नाही. "तीन वह्या आहेत म्हणता. त्या न्यायालयात हजर करा."

"ते करता येणार नाही."

"का बरं?"

"त्यांत तिघांची खरी नावं आहेत. शिक्षा भोगून ते बाहेर आलेत, त्यांची लेकरंबाळं आहेत. मी शब्द दिलाय."

"म्हणजे पुरावा नाही. एक माणूस होता हे तुम्ही चार वेळा शपथेवर सांगितलंत, आज शपथेवरच सांगता की तीन होते. आपण कोणत्या शपथेवर विश्वास ठेवायचा, साहेब?" हे शेवटचं त्याने न्यायाधीशांकडे वळून म्हटलं.

न्यायाधीश म्हातारे होते आणि चष्म्यावरून बघत. "वह्या देणार की नाही?"

इकडे आड आणि तिकडे विहीर ही म्हण सरांनी शेकडो वेळा वापरली होती; मधल्या जमिनीवर जेमतेम दोन पावलं मावतात, हे त्यांना त्या पिंजऱ्यात उभं राहून कळलं. एकाला सोडवायचं तर तिघांना विकायचं. "नाही," ते म्हणाले.

"मग तुमचं आजचं म्हणणं निराधार म्हणून नोंदलं जाईल. आधीच्या साक्षींबद्दल तुमच्यावर काय कारवाई करायची ते नंतर पाहू. इमारतीबाहेर जाऊ नका." न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. "जेवणानंतर पुढचा साक्षीदार."

पुढची साक्षीदार बाहेर बाकावर येऊन बसलेलीच होती. सरकारी वकील कच्चा गडी नव्हता; सर कचरले तर हाताशी असावी म्हणून त्याने पट्टशिष्येला सकाळीच बोलावून ठेवलं होतं. तिच्या मांडीवर तिचा जाडजूड काळा प्रबंध होता. सरांना पाहून ती उठली, "सर, कसं झालं?" सरांनी तोंड उघडलं तोच कोर्टाचा शिपाई मध्ये आला.

"साक्षीदारांनी आपसात बोलायचं नाही. तुम्ही त्या टोकाला बसा, सर."

सर त्या टोकाला जाऊन बसले. दहा पावलांवर ती, मध्ये शिपाई, आणि लिफ्टवाल्याची बायको पाठ फिरवून उभी. सरांनी त्या काळ्या प्रबंधाकडे पाहिलं. त्यात शेवटी एक मोठं कोष्टक होतं: एकेचाळीस माणसं आणि सात रकाने. कोण कोणत्या पायरीवर होतं त्याच्या खुणा. सर मार्गदर्शक होते, त्यांनी सही केली होती, पण ते कोष्टक त्यांनी कधी धड वाचलं नव्हतं. शिडी खरी ठरली एवढं कळल्यावर आकडे कोण वाचतो? आणि मनात चोर असलेला माणूस तर त्या पानापासून लांबच राहतो.

इतक्यात कोर्टाचा कारकून सरांच्या साक्षीवर सही घ्यायला आला आणि त्याच्या मागोमाग आरोपीचा वकील. वकिलाला सर्दी झाली होती आणि तो सारखं नाक ओढत होता. दिवसाला पाच खटले चालवणारा, फुकटात नेमून दिलेला वकील.

सरांनी सही केली आणि कारकून गेल्यावर ते हलक्या आवाजात वकिलाला म्हणाले, "तिला कोष्टकाबद्दल विचारा. शेवटचा रकाना. सातही पायऱ्या चढलेले किती, एवढंच विचारा."

"किती आहेत?"

"मला माहीत नाही."

वकिलाचा रुमाल नाकावरच राहिला. "काय बोलता, सर? उत्तर माहीत नसलेला प्रश्न मी विचारायचा? समजा, ती म्हणाली दहा आहेत, तर माझा माणूस तिथल्या तिथे मेला!"

"हो."

"आणि तुम्हीच होतात ना तिचे मार्गदर्शक?"

"होतो की. म्हणूनच माहीत नाही."

वकील नाक ओढून आत निघून गेला. सर बसले होते तिथेच बसले. त्यांच्या मनात एक विचार आला आणि त्याची त्यांना स्वतःलाच शिसारी आली. समजा, त्या कोष्टकात खरंच एखादा सातव्या पायरीवरचा असेल. एकच. म्हणजे आपण जे जोडून बनवलं ते कुठेतरी खरंच होतं. मग सत्तावीस वर्षं फुकट गेली नाहीत. आपण लबाड ठरू, पण मूर्ख नाही. एका क्षणापुरतं सरांनी तसंच व्हावं म्हणून देव पाण्यात घातले. मग त्यांना लिफ्टवाल्याच्या बायकोच्या पायांतल्या त्या मोठ्या चपला दिसल्या, आणि त्या कोणाच्या ते कळलं.

साक्ष पुन्हा सुरू झाली तेव्हा सर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बाकांवर जागा होती, पण बसवेना. पट्टशिष्या छान बोलली. स्वच्छ, शांत, कुठेही अतिशयोक्ती नाही. सरांनी शिकवलं होतं तसं. सरकारी वकील समाधानाने बसला. आरोपीचा वकील उठला, नाक पुसलं, कागद खालीवर केले. सरांना वाटलं, हा काही विचारत नाही.

"तुमच्या कोष्टकात," वकील म्हणाला, "पाचव्या पायरीपर्यंत पोचलेले किती?"

तिने प्रबंध उघडला. "सहा."

"सहाव्या?"

"दोन."

वकील थांबला. एकदा मागे वळून त्याने सरांकडे पाहिलं. जिना उतरताना अंधारात पुढची पायरी आहे की नाही हे पायाने चाचपावं, तसं. "आणि सातव्या?"

तिने बोट रकान्यावरून खाली नेलं. खालपर्यंत गेल्यावर ते पुन्हा वर नेलं आणि दुसऱ्यांदा, सावकाश, खाली आणलं. "सातव्या पायरीवर कोणी नाही," ती म्हणाली. "ते आधीच पकडले गेले असं मी गृहीत धरलं होतं. नाहीतर पोचले असते."

"गृहीत धरलं होतं. बरं. म्हणजे सातही पायऱ्या पूर्ण चढलेला माणूस तुम्ही स्वतः एकही पाहिलेला नाही?"

"नाही."

"आणि माझा अशील? जबाबाप्रमाणे?"

तिने जबाबाची पानं हातात घेतली. आता ती साक्षीदार राहिली नव्हती, अभ्यासक झाली होती. सरांना तिचा तो चेहरा ओळखीचा होता. पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानावर ती थबकली, आणि सरांना कळलं की तिला चौऱ्याऐंशीव्या पानावरचं वाक्य भेटलं. तिलाही ते पाठ होतं.

"हा सातही चढलाय," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "शब्दसुद्धा पुस्तकातलेच आहेत."

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. "तपास अधिकाऱ्याला उद्या सकाळी हजर करा," ते सरकारी वकिलाला म्हणाले. "त्याने हा जबाब कुठे, कोणासमोर आणि काय समोर ठेवून लिहिला, ते मला ऐकायचं आहे. आरोपीच्या जामिनावरही उद्याच बोलू." पहिल्या बाकावर बसलेली लिफ्टवाल्याची बायको शेजारच्या माणसाला, काय म्हणाले, काय म्हणाले, असं विचारू लागली. लिफ्टवाल्याने पंख्यावरची नजर काढली आणि तिच्याकडे पाहिलं.

पट्टशिष्या मात्र पिंजऱ्यातच उभी होती. तिने प्रबंध मिटला, त्याच्यावर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत विचारलं, "सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात, बाई," न्यायाधीश म्हणाले. "उतरा खाली."

ती उतरली नाही. उत्तराची वाट बघत राहिली. सरांनी भिंतीला टेकलेली पाठ सोडवली, एक पाऊल पुढे टाकलं आणि बोलायला तोंड उघडलं. शिपायाने ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना, हळूच पण ठामपणे, पुन्हा भिंतीला लावलं.